लग्नाची दुसरी डिस्क

“याच्यात तर नुसते गाणेच हायेत.”

मोठ्याई हे मला म्हणाली नव्हती. बाजूला मोठे बाबा पेपर वाचत बसले होते, त्यांना म्हणाली असेल असंही वाटत नाही. टीव्हीसमोर उभी राहून, रिमोट पोटाशी धरून, ती स्वतःशीच बोलली. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि पुढे जावं की मागे फिरावं हे मला ठरवता येत नव्हतं. टीव्हीवर शुभाताई एका मोठ्या गुलाबाच्या फुलातून उमलून येत होती. मग ती धबधब्यासमोर गोल फिरली, तिचे चार तुकडे झाले, ते चारही तुकडे बदामाच्या आकारात जाऊन बसले. वर सनई वाजत होती. ताईचे ओठ हलत होते.

“लग्नाच्या शूटिंगमधी कोण बोलते?” मोठे बाबा पेपरामागून म्हणाले. “सगळ्याइच्या कॅसेटीत गाणेच राह्यतात.”

“तोंड आठवते मले,” मोठ्याई म्हणाली. “आवाज नाई आठवत. कालपासून आठवून राहिली.”

मोठ्या बाबांनी पेपरचं पान उलटलं. पंख्याच्या वाऱ्यानं ते पुन्हा मागे आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. अमरावतीत आमची दोन घरं एकाच गल्लीत, मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार. शुभाताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा मी सहावीत होते. अकोल्याला दिली होती. चौथ्या उन्हाळ्यात ती गेली. कूलरचा शॉक लागला, असं सांगितलं गेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, दर वर्षी पेपरात येतं, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. कूलर चालू होता का, त्यात पाणी होतं का, तिच्या दंडावरचे डाग कशाचे, हे प्रश्न आमच्या घरात हळू आवाजात विचारले गेले आणि तितक्याच हळू आवाजात थांबले. पोलिसांना मोठ्या बाबांनीच सांगितलं की आमचं काही म्हणणं नाही. तेव्हापासून त्या माणसाचं नाव आमच्या दोन्ही घरांत कोणी उच्चारत नाही. अगदीच वेळ आली तर मोठ्याई ‘तो अकोल्याचा’ म्हणते. आमच्या दूधवाल्याचं नावही तेच होतं. तिनं त्याला एका दिवसात ‘भाऊ’ करून टाकलं.

मीही ते नाव इथे लिहिणार नाही.

*

भादवा उतरतीला लागला की सोयाबीन निघतं. मळणीयंत्राची धूळ शहरापर्यंत येते. बाजार समितीकडून येणाऱ्या वाऱ्याला कोरड्या शेंगांचा, थोडा कडवट, नाकात बसणारा वास असतो. गणपती गेलेले असतात, महालक्ष्म्या जेवून गेलेल्या असतात, आणि नवरात्र अजून यायचं असतं. मधले ते पंधरा दिवस पितरांचे. दुकानांत गिऱ्हाईक नसतं, मंगल कार्यालयांना कुलूप असतं, बँडवाल्यांचे लाल कोट दोरीवर वाळत असतात. ऊन असं असतं की उन्हाळा परत आल्यासारखं वाटतं, पण उन्हाळ्याचा कोरडेपणा त्यात नसतो. अंगाला चिकटतं. घरोघरी कढी, वडे आणि गव्हाची खीर, आणि टाकीच्या काठावर बसून राहिलेला एखादा पोट भरलेला कावळा.

यंदाही तो वास आला आणि मी खिडकी लावून घेतली. काही उपयोग झाला नाही. माझ्या आताच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही, पण तो वास आला की मला ड्राइव्हची घरघर ऐकू येते. आधी हळू, मग जोरात, मग अडखळणारी. घशात काहीतरी अडकलेला माणूस पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणायला बघतो, तशी.

*

त्या वर्षी मी कॉलेजात होते. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून घरातली सगळी इंग्रजीतली कामं माझ्याकडे यायची. गॅसची नोंदणी, बँकेचे मेसेज, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर. मी कमी बोलायचे आणि बोललेच तर पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, म्हणून आत्या-मावश्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या. “मॅडमले इचारा, मॅडम सांगन,” असं म्हणून हसायच्या. मी सांगायचे आणि आत निघून जायचे.

मोठ्याईनं मला हाक मारली ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

“तुह्या त्या कॅम्पुटरात आवाज येगळा काढता येते का गं? गाणं बाजूले करून?”

मी म्हटलं, बघते. करता येत नाही हे मला माहीत होतं. स्टुडिओवाल्यांनी शूटिंगवरचा मूळ आवाज पुसून त्याच्या जागी गाणी घातलेली असतात. गाण्याच्या खाली काही उरतच नाही. पण ‘नाही’ म्हणायला जो आवाज लागतो तो माझ्याकडे नव्हता, म्हणून मी तिच्या हातातून डिस्क घेतल्या.

दोन होत्या. पहिलीत साखरपुडा, हळद, लग्न. दुसरीत पाठवणी आणि अकोल्याचं सगळं. पहिली डिस्क ठीक होती. दुसरी मी डबीतून काढली आणि माझ्या बोटांना लाल लागलं.

चकाकणाऱ्या बाजूवर हळद-कुंकू होतं. कडेला, गोलाकार, थरावर थर. काही ओलं करून लावलेलं, सुकून पापुद्रा झालेलं. काही कोरडं. मधे पदरानं घासून पुसल्याचे ओरखडे.

“हे काय केलं, मोठ्याई?”

“नवमीले लावतो ना,” ती म्हणाली, मी काहीतरी अगदीच साधं विचारल्यासारखी. “फोटोचा अल्बम त त्याइच्याच घरी राह्यला. माह्यापाशी हेच हाय तिचं. याच्यात ते सगळीच्या सगळी हाय. म्हणून पाटावर हे ठेवतो.”

“पण या बाजूला?”

“त्या बाजूले कागद चिकटवला हाय, त्याच्यावर नवऱ्याचंही नाव हाय. या बाजूनं आरशासारखी चमकते. कुंकू लावाले वाकलं की तोंड दिसते.” मग ती म्हणाली, “माह्यंच दिसते, पण दिसते.”

अविधवा नवमी पितृपक्षात येते. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. हे करायचं असतं सासरी. माहेरी कोणी करत नाही. मोठ्याई करायची, कारण सासरी कोणी करत असेल यावर तिचा विश्वास नव्हता. ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांतल्या एका वयस्क बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, “अहेवपणी गेली माय तुही पोरगी. भाग्याची.” मी तेव्हा तिथंच बसले होते. मोठ्याईनं त्या बाईकडे पाहून मान हलवली होती. ते मान हलवणं मला अजून कळलेलं नाही.

*

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळ सुरुवात आणि कडेशी शेवट. हे मी त्या आठवड्यात शिकले. मोफत मिळणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं, राजकमल चौकाजवळून एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, आणि कॉलेजातून आलं की माडीवर बसायचे. सॉफ्टवेअर डिस्क वाचून तिच्यातले तुकडे एकाखाली एक दाखवायचं आणि सगळ्यात लांब तुकड्यासमोर स्वतःच खूण करायचं. सगळ्यात लांब तेच मुख्य, असं ते धरून चालतं.

पहिली डिस्क अर्ध्या तासात उतरली. तिची फाइल झाली, मोबाइलवर चालायला लागली. मी ती पूर्ण पाहिली, हेडफोन लावून, एखादं वाक्य गाण्याच्या फटीतून निसटलेलं असेल म्हणून. नव्हतं. मीही तिच्यात होते. फ्रॉक घालून खांबामागे, कॅमेऱ्याचा दिवा जवळ आला की खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाणारी. हळदीच्या वेळी ताई कोणाला तरी खूप वेळ काहीतरी सांगत होती, हात हलवून, डोळे मोठे करून. समोरच्या बायका पोट धरून हसत होत्या. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावला. ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न केला. एवढंच कळलं की तिला बोलायला आवडायचं. आम्हा दोघींत बोलणारी ती होती. बोलणारीचा आवाज कुठे राहिला नाही. माझा मात्र कॉलेजच्या प्रेझेंटेशनचा एक व्हिडिओ पडून आहे, त्यात मी पाच मिनिटं इंग्रजीतून पाणलोट क्षेत्राबद्दल बोलते.

दुसरी डिस्क मी कोमट पाण्यानं धुतली. मऊ कापडानं, मधून कडेकडे, सायकलच्या आऱ्यांसारखी सरळ रेघ धरून. कुंकू गेलं. ओरखडे राहिले. आतला भाग वाचला गेला आणि डिस्कचा मेनू उघडला. छोटी छोटी चौकोनी चित्रं, प्रत्येकाखाली लाल अक्षरात नाव. पाठवणी. वरात. गृहप्रवेश. आणि शेवटच्या चित्राखाली ‘नाव घेणे’. त्या चित्रात ताई उंबऱ्यावर उभी होती, डोक्यावरून पदर, हातात माईक. तोंड उघडं.

नाव घेताना स्टुडिओवाले गाणं बंद ठेवतात. तेवढा एकच आवाज ते मूळचा राहू देतात.

मी त्या चित्रावर क्लिक केलं. ड्राइव्ह फिरला, अडखळला, पुन्हा फिरला. मग सॉफ्टवेअरनं इंग्रजीत सांगितलं की पुढचं वाचता येत नाही. मी किती वेळा करून पाहिलं ते मोजलं नाही. शेवटी शेवटी ड्राइव्हवर हात ठेवला तर तो तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागायचा.

बडनेरा रोडवर ज्या स्टुडिओनं शूटिंग केलं होतं तिथे आता झेरॉक्स आणि रिचार्ज होतं. मालक तोच. “इतक्या वर्षांचा डाटा कोण ठेवते, मॅडम,” तो म्हणाला. “दोन सेट दिले होते. एक तुमाले, एक पोराकडच्याइले. त्याइले इचारा.”

*

मोठ्या बाबांना सांगावं लागलं. ते अंगणात कडुनिंबाची काडी चावत बसले होते. मी जेवढ्या कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्या शब्दांत सांगितलं. त्यांनी काडी थुंकली.

“तिले सांगू नको,” ते म्हणाले. मग उठताना, “रविवारी जाऊ.”

मोठ्याईला आम्ही सांगितलं की माझ्या कॉलेजचं अकोल्याला काम आहे. तिनं दशम्या बांधून दिल्या.

अमरावती ते अकोला हा रस्ता मला पाठ आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. त्या दिवशी दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडून पानं गाळत होतं, मधे तुरीच्या हिरव्या ओळी, आणि पऱ्हाटीला नुकती बोंडं धरलेली. मोठे बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते. ताईकडे जायचं तर ते दर वेळी याच एसटीनं जायचे, फराळाचे डबे घेऊन. उतरल्यावर ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीपाशी थांबले.

“तू जा. मी हाय इथं.”

“मी एकटी?”

“तुले कोणी काही म्हणणार नाई. मले पाह्यलं त दार लावतीन.”

घर रेल्वे लाइनच्या पलीकडे. मी लहानपणी पाहिलं होतं त्यापेक्षा ठेंगणं वाटलं. खिडकीत कूलर बसवायची लोखंडी चौकट तशीच होती, रिकामी. त्या चौकटीसमोरून मी दारापर्यंत कशी गेले ते मला सांगता येणार नाही.

ताईच्या सासूनं मला ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर तिनं मला आत बसायला सांगितलं. मी काय हवं ते सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिचा हात थांबला नाही.

“जाळलं ते सगळं. फोटो, सीड्या, सगळंच. नवी सून आल्यावर घरात जुनं ठेवत नसतात.” मग आत तोंड करून म्हणाली, “चहा टाक वं. अमरावतीहून उन्हाची आली पोट्टी.” आणि माझ्याकडे वळून, “तुही मोठी आई बरी हाय ना?”

मी बरी आहे म्हटलं.

चहा घेऊन त्याची दुसरी बायको आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कप द्यायला वाकली तेव्हा तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या खाली लोंबणारी चांदीची एक चपटी, बोटाच्या पेराएवढी पट्टी पुढे आली. तिच्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. दोन ठिपक्यांचे डोळे, नाकाची एक रेघ, हात अंगाला चिकटलेले. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न केलं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात, तिनं त्रास देऊ नये म्हणून. हे मी ऐकून होते. पाहिलं नव्हतं. मी त्या दोन ठिपक्यांकडे पाहत राहिले आणि चहा माझ्या ओढणीवर सांडला.

“राहू द्या, राहू द्या,” ती म्हणाली आणि पदरानं पुसायला लागली.

मी फाटकाबाहेर आले तेव्हा ती कचऱ्याची बादली घेऊन मागोमाग आली. बादली खाली ठेवली. बादलीत, कांद्याच्या सालींखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“ताई, हे घ्या. यातलं वाजते, पाह्यलं मी. अल्बम त्याइनं जाळला, हे मी काढून ठेवलं होतं. गव्हाच्या कोठीत.”

“का?”

“गळ्यात वागवतो तिले.” तिनं टाकाला बोट लावलं. “तोंड त मालूम पाह्यजे ना.”

ती घाईत होती. दाराकडे पाहून म्हणाली, “शेवटी बोलते ते. मी ऐकलं. लय खूश होती हो.” मग बादली उचलली. “परत आणून देऊ नका. कोणी पाह्यलं त...” आणि वाक्य तसंच टाकून ती उकिरड्याकडे चालत गेली. तिची बाही वर सरकली होती. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तरी पाहिलं. दंडावर काही नव्हतं. काही नव्हतं म्हणून मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

परतीच्या गाडीत मोठ्या बाबांनी एवढंच विचारलं, “भेटली?”

“हो.”

“सून कशी हाय?”

“चांगली आहे.”

त्यांनी मान हलवली. मूर्तिजापूर येईपर्यंत ते समोरच्या सीटची दांडी धरून होते, गाडी रिकामी असून. मग त्यांनी दशम्यांचा डबा उघडला, माझ्या हातावर एक ठेवली आणि आपला डबा बंद केला.

*

ती डिस्क एका दमात वाचली गेली. इतकी सहज की मला राग आला.

उंबरा. माप ओलांडायच्या आधी बायका दार अडवून उभ्या. सनई एकदम थांबते आणि खऱ्या जगाचा आवाज येतो. भांड्यांचा, मुलांचा, लांबून जाणाऱ्या मालगाडीचा. कोणीतरी म्हणतं, नाव घेतल्याबिगर आत नाई येऊ देणार. माईक तिच्या हातात येतो. ती माईकवर टिचकी मारते. आणि बोलते. घोगरा, थकलेला, मिश्कील, शेवटाला थोडा वर उचललेला आवाज. मी तो विसरले नव्हते. कानावर पडेपर्यंत मला एवढंच माहीत नव्हतं की विसरले नाही.

“अमरावतीच्या वेशीवर उभी माझी आई...”

मग त्याचं नाव. मग, “अकोल्याची मला घाई.” पण ही घाई नीट ऐकू येत नाही, कारण नाव घेतानाच तिला हसू फुटलेलं असतं. ती हसतच ते म्हणते, बायका ओरडतात, ती अजून हसते. खूप हसते. मग सनई.

मी सॉफ्टवेअरमध्ये खुणा लावल्या. सुरुवातीची खूण टिचकीच्या आधी. शेवटची खूण कुठे लावायची यावर मी दोन दिवस काढले. आवाजाची एक आलेखासारखी पट्टी दिसते, बोललं की उंच, गप्प झालं की बारीक. ‘आई’ नंतर ती पट्टी एक क्षण सुतासारखी होते. तिथे ती श्वास घेते. तिथे कापलं तर काही खटकत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल की ती एवढंच म्हणाली. नावापुरतं कापून हसू ठेवता येईल का, तेही मी पाहिलं. येत नाही. हसू नावाच्या आतच सुरू होतं. दुसऱ्या अक्षरापासून.

आता माझ्याकडे लांबलांबचे लोक डिस्क घेऊन येतात. लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या, बारशाच्या. प्लेअर मोडलेले असतात, डिस्कवर बुरशीची वेलबुट्टी उठलेली असते. पैसे मी घेत नाही, म्हणून येतात. पुष्कळांना नुसती फाइल नको असते, काहीतरी कापून हवं असतं. परवा अचलपूरच्या एक बाई म्हणाल्या, “इथून इथपर्यंत सूनबाई हाय, तेवढी काढून टाक. गेली ते सोडून.” मी म्हटलं, ती काढली तर लग्नच राहत नाही. “मंग वऱ्हाडी राहू दे,” त्या म्हणाल्या. “जेवणाची पंगत राहू दे.” मी त्यांना काहीही न कापता फाइल करून दिली. त्यांनी ती पाहिली की नाही माहीत नाही. सॉफ्टवेअर कोणाला का म्हणून विचारत नाही, त्याला दोन खुणा पुरतात. उरलेलं काय होतं हे त्यालाही माहीत नसतं.

त्या वर्षी मी ‘आई’ नंतर कापलं. मला ते दयेचं काम वाटलं होतं. बाईनं किती वर्षं त्या नावाला घराबाहेर ठेवलं होतं. दूधवाल्याचंसुद्धा नाव पुसलं होतं. आणि आता तिच्याच मुलीच्या तोंडून, इतक्या लाडानं, ते घरात आणायचं. मी फाइल मोबाइलवर घेतली. पूर्ण फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. नवमीच्या सकाळी दोन्ही पुन्हा ऐकल्या, हेडफोन लावून, दार लावून.

*

नवमीला सवाष्ण म्हणून गल्लीतल्याच एक काकू जेवल्या. माझी आई होती, भातकुलीची आत्या आली होती. खिरीचा वास, वड्यांचा धूर, दुपारचं ते चिकट ऊन. पाटावर डबीत धुतलेली डिस्क. काकूंची ओटी भरून झाली. त्या पान खात बसल्या. मोठे बाबा बाहेर पायरीवर होते.

“मॅडमनं काहीतरी काढलं म्हणते,” आत्या म्हणाली. “लाव ना वं.”

मी मोबाइल मोठ्याईच्या हातात दिला आणि बटण दाबलं. टिचकी वाजली. मग तो आवाज.

“अमरावतीच्या वेशीवर उभी माझी आई...”

आणि शांतता.

आईनं तोंडाला पदर लावला. मोठ्याईनं मोबाइल कानाशी नेला, काळ्या झालेल्या काचेला कान लावून बसली. मग माझ्यापुढे धरला. मी पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिचेही ओठ हलले.

“उखाणा हाय हा,” काकू तोंडातलं पान गालात सारून म्हणाल्या. “मंग? पुढं?”

“अर्धा थोडीच सोडला असन तिनं,” आत्या म्हणाली. “जुळवून बोलाची तिले लय हौस. आई... घाई, नाई त बाई, नाई त काही.”

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. डिस्क तिथे खराब झाली आहे, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. ते मला म्हणावंही लागलं नाही.

“माह्यानंच गेलं ते,” मोठ्याई म्हणाली. ती पाटावरच्या डबीकडे पाहत होती. “मी कुंकू लावलं ना त्याच्यावर. दर साली लावलं. घासून घासून पुसलं.” तिनं उजव्या हाताचं बोट पुढे केलं. त्या सकाळचं कुंकू अजून त्याला होतं. तिनं ते लुगड्याला पुसायला सुरुवात केली, जोरात, एकाच ठिकाणी. “पोरीचा आवाज मीच पुसला, माय. मायच अशी.”

“कशाले म्हणता बाई असं,” आई म्हणाली.

“मंग कोणं पुसला?”

पायरीवर मोठे बाबा उठून उभे राहिले होते. दारात त्यांची सावली पडली. ते मला मानेनं नाही म्हणत होते. आत्या काहीतरी समजुतीचं बोलायला लागली. मोठ्याईचं बोट लुगड्यावर फिरतच होतं. मी तिचा हात धरला. इतक्या बायकांसमोर मी कधी बोलले नव्हते, आणि बोलले तेव्हा आवाज माझा मलाच मोठा वाटला.

“कुंकवानं नाही गेलं, मोठ्याई. मी कापलं. पुढे ती त्याचं नाव घेते, आणि खूप हसते. लावू का?”